आठशे, आण्णा आणि डबल बेल

२००६ साली माझ्याकडे नव्वद हजार रुपये साठले होते आणि ही बातमी बँकेच्या खालोखाल आमच्या दाजींना लागली. मी ताईला फोनवर "बघू, यंदा काहीतरी घेऊ" एवढंच म्हणालो होतो. त्यातलं काहीतरी म्हणजे चारचाकी, चारचाकी म्हणजे सेकंडहँड, आणि सेकंडहँड म्हटल्यावर ती आपल्याशिवाय घेतलीच जाऊ शकत नाही, हे सगळं दाजींनी स्वतःचं स्वतः काढलं आणि रात्री साडेदहाला फोन केला. "मारुती आठशेच घ्यायची. दुसरं काय बघायचंच न्हाय. मी रविवारी येतोय." फोन बंद. दाजींकडे तेव्हा स्वतःचं चार चाकांचं वाहन एकच होतं, ट्रॅक्टर. पण तालुक्यात कुणीही कुठलीही गाडी घेतली तरी बॉनेट उघडायला दाजीच लागायचे.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत रात्रपाळीला परदेशातल्या लोकांचे प्रिंटर फोनवरून दुरुस्त करत होतो. वय पंचवीस. कर्वेनगरात तिघांत एक खोली. नवी आठशे तेव्हा सगळं धरून दोन लाखाच्या पुढं जायची, ऑफिसात रोज कुणीतरी बँकेचा पोरगा येऊन लोनचं पत्रक टेबलावर ठेवून जायचा, माझ्याबरोबरच्या निम्म्या पोरांनी तशा गाड्या उचलल्यापण होत्या. पण आमच्या घरात लोन हा विषय आण्णांनी एका वाक्यात संपवला. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, वाई डेपो. ते म्हणाले, "तीस वर्षं महामंडळाची गाडी चालवली, आता तू बँकेची चालवणार व्हय?" झालं. मग राहिली सेकंडहँड.

त्या काळात गाडी शोधायची म्हणजे रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती. पेन घेऊन बसायचं आणि गोल करायचे. त्या जाहिराती वाचून माझं असं पक्कं मत झालं होतं की पुण्यात डॉक्टर सोडून कुणी गाडीच घेत नाही. डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी, लेडी ड्रिव्हन. डॉक्टरांची गाडी, अर्जंट विकणे, डॉक्टर परदेशी. फोन केला की पलीकडून ज्या भाषेत बोलणं व्हायचं त्यावरून हा माणूस डॉक्टर असेल तर आपण कधी आजारी पडू नये असं वाटायचं. आणि सगळ्यांचा शेवटचा शब्द एकच, "या तर खरं, बसून बोलू."

पहिली गाडी बघितली ती कोथरूडला. मालक रिटायर्ड बँकवाले, त्यांना आपण काका म्हणू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरी आठशे, १९९८ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, वर कव्हर, कव्हरवर अजून एक कव्हर. काकांनी ती दोन्ही काढून, घडी घालून, घडीवर वीट ठेवून मग आमच्याकडे बघितलं. सीटचं कंपनीतून आलेलं प्लास्टिक आठ वर्षांनी अजून तसंच होतं. गाडी चाललेली एकतीस हजार. मी मनात म्हटलं, मीटर मागं केलाय. तेवढ्यात काकांनी वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हर, त्यावर मुलांच्या वहीला लावतात तसलं लेबल आणि लेबलवर नावाच्या जागी गाडीचा नंबर. आत घेतल्या दिवसापासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद. तारीख, लिटर, किलोमीटर, पंप कुठला, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे मी वाचले. "पंपावरील मुलगा उद्धट." "सौ. सोबत, थेऊर." "एव्हरेज १७.२, हवा कमी होती काय?" हा माणूस खोटं बोलणं शक्य नाही हे मला कळलं.

पण मग मुलाखत सुरू झाली, आणि ती माझी. राहता कुठे, पार्किंग झाकलेलं आहे का, झाडाखाली लावणार असाल तर कुठलं झाड, चिंच आहे का, चिंचेचा चीक पडतो. हायवेला नेणार का? मी म्हटलं गावाला जाईन की, वाईला. काका गप्प झाले. म्हणाले, "हिला चौथ्या गिअरची फारशी सवय नाही." एवढं होईपर्यंत दाजींनी न विचारता बॉनेट उघडलं होतं आणि आत हात घालून काहीतरी ओढून बघत होते. काकांनी बॉनेट लावलं, कव्हर घातलं, दुसरं कव्हर घातलं, आणि म्हणाले, "विचार करून कळवतो." म्हणजे गाडी विकणारा विचार करून कळवणार, आणि नव्वद हजार घेऊन उभा असलेला माणूस वाट बघणार. काकूंनी मात्र वरून पाणी पाठवलं होतं आणि जाताना जिन्यातून विचारलं, "वाईचे का तुम्ही? वाईत कुठे?" मी सांगितलं आणि आम्ही निघालो.

मग दाजी म्हणाले, असल्या लोकांच्या नादी लागायचंच नाही, डायरेक्ट डीलर. आणि आम्ही हायवेकडेच्या एका डीलरकडे गेलो. तिथं पन्नासएक गाड्या ओळीनं चकाचक उभ्या. आता हे २००६ आहे हे लक्षात घ्या. आदल्या वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली होती, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झालेला, हजारो गाड्या छतापर्यंत पाण्यात गेलेल्या. त्या गाड्या वाळवून, पुसून, पॉलिश मारून राज्यभर विकायला आल्यात असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता. एमएच ०२ नाहीतर ०४ नंबर दिसला की लोक चार पावलं मागं सरायचे. त्यात किती खरं आणि किती पारावरचं ते सोडा, पण भीती खरी होती, कारण पाण्यातून निघालेली गाडी घेताना छान चालते आणि मग चार-सहा महिन्यांनी तिचं वायरिंग एक एक करून राजीनामा द्यायला लागतं. आज हॉर्न, उद्या वायपर, परवा इंडिकेटर लावला की आतला दिवा लागतो.

दाजी त्या तयारीनंच आले होते. डीलरनं दरवाजा उघडला की पोलिसांच्या कुत्र्यानं हुंगावं तसं दाजी आत शिरून खालच्या मॅटला नाक लावायचे. मग सीट बेल्ट. हे मला तोवर माहीत नव्हतं, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढायचा. वरचा दिसणारा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही, पाणी चढलं असेल तर तिथं चिखलाची रेघ सापडते. मग डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघायचा, गंज आणि गाळ. मग सीटच्या खाली हात घालून रेलचे स्क्रू. दाजींनी एका गाडीचा बेल्ट ओढला तर तो निघतच गेला, निघतच गेला, आणि शेवटाला चॉकलेटी पट्टा. दाजींनी तो डीलरला नुसता दाखवला. डीलर अजिबात न गडबडता म्हणाला, "साहेब, लहान मुलं होती मागच्या पार्टीची. चॉकलेट खाल्लंय." दुसऱ्या गाडीत एवढा मोगऱ्याचा वास मारलेला की दाजींना शिंका सुरू झाल्या. ती गाडी म्हणे अंधेरीची होती खरी, पण २६ जुलैला मालकाबरोबर शिर्डीला होती. तिसरीपण शिर्डीला होती. त्या दिवशी शिर्डीत पार्किंगला जागा कशी मिळाली असेल देव जाणे.

मधल्या काळात सल्लागार वाढत चालले होते. रूमपार्टनरचं म्हणणं, एलपीजी किटवाली घे, पेट्रोल पन्नाशीला गेलंय, परवडणार नाही. मामांचं म्हणणं, पांढरी नको, अँब्युलन्स वाटते. मावशीचं म्हणणं नंबरांची बेरीज आठ येता कामा नये. ऑफिसातला टीम लीडर, जो स्वतः बसने यायचा, तो म्हणे आठशे घेण्यापेक्षा थोडे पैसे टाकून मोठी घे. थोडे म्हणजे दीड लाख. हे थोडे पैसे टाकणारे लोक मला आयुष्यात पुढे फ्लॅट घेतानाही भेटले आणि बाथरूमच्या टाइल्स घेतानाही. आण्णा एकटे काही बोलत नव्हते. आई फोनवर सांगायची, "ते काय म्हणत न्हाईत. पण जेवताना विचारत होते, कितव्या सालची बघताय."

आणि मग एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. काकांचा नाही, काकूंचा. दाजींनी जाताना वहीतल्या मागच्या पानावर माझा नंबर लिहून ठेवला होता. काकूंचं माहेर वाईचं निघालं, गंगापुरीतलं. त्यांनी मला आधी आमच्या गल्लीतले तीन वाडे विचारले, मग अमुक मास्तर आहेत का, तमुकांची विहीर बुजवली का, मी जमेल तेवढी उत्तरं दिली, शेवटी म्हणाल्या, "आईंना फोन द्या." आई वाईत, मी पुण्यात, म्हणून मी नंबर दिला. पुढचा तासभर दोन्हीकडचे फोन एंगेज. त्या तासात काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून "रविवारी दहा वाजता या" म्हटलं आणि फोन ठेवताना, "बॉनेट उघडणाऱ्या गृहस्थांना आणलं नाही तरी चालेल."

दाजी आलेच, पण सोसायटीच्या गेटबाहेर थांबले. आमच्यासोबत कर्वेनगरातला एक मिस्त्री होता. त्यानं गाडी चालू करून ऑईलचं झाकण काढलं, वर तळहात धरला, धूर मारत नाही हे बघितलं, दारांच्या कडेनं बोट फिरवून कंपनीचे टाके जागेवर आहेत का ते बघितलं, खिशातून लोहचुंबक काढून चारी बाजूंनी पत्र्याला लावलं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथं चुंबक चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोळे झाकून घ्या. गाडी चाललीच न्हाई, नुसती पुसलीय."

काका ९५ म्हणत होते. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा नवी कोरी पन्नास हजाराच्या आसपास मिळायची, हे दाजींनी मला पाठ करून ठेवायला लावलं होतं, भाव पाडायला. मी ते बोललो. काका म्हणाले, "मग ८३ लाच घ्यायची होती." तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. शेवटी पंच्याऐंशीवर काकूंनी आतून चहा आणला, आणि चहा आला म्हणजे ठरलं असं काकांनीच जाहीर केलं. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती मात्र त्यांनी ठेवून घेतला. तो काढताना खाली चिकटपट्टीचा चौकोन राहिला, तो शेवटपर्यंत गेला नाही. वही मला दिली. "पुढे चालू ठेवा" म्हणाले. मी चालू ठेवली, म्हणजे पहिल्या टाकीची नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून "ठीक" लिहिलं.

आरटीओचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, दोघांच्या सह्या, पीयूसी, इन्शुरन्स, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि त्या सगळ्याला जोडून ठेवणारा एजंट. काका बँकेतले असल्यामुळे त्यांच्या सगळ्या सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या, आणि एजंटला तेच संशयास्पद वाटलं.

आता गाडी चालवण्याबद्दल. माझ्याकडे लायसन्स होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर शिकलोही होतो आणि मला चांगली येते असा माझा समज होता, कारण त्या महिन्यात गाडी एकदाही बंद पडली नव्हती. स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. महिनाभर तो क्लच तो माणूस चालवत होता, पेपर वाचत वाचत, हा शोध मला कोथरूड डेपोच्या चौकात सिग्नल सुटल्यावर लागला. त्यात ही कार्ब्युरेटरवाली, सकाळी चोक ओढून चालू करायची, चोक वेळेत आत ढकलला नाही की ओव्हर होणार आणि मग दहा मिनिटं पेट्रोलचा वास घेत बसा. मागच्या रिक्षावाल्यानं मला जे सांगितलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

तरी आठवड्याभरात मी वाईला निघालो. रूमपार्टनर येतो म्हणाला होता, सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. चांदणी चौक, बायपास, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ, सगळं नीट. साठच्या वर नेली नाही. मग आला खंबाटकी. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट आणि पुण्याकडे येताना बोगदा असायचा, म्हणजे चढाई आमच्याच वाट्याला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढं ऊस कारखान्याचा ट्रेलर, मी पहिल्या गिअरवर, आणि टेंपरेचरचा काटा हळूहळू वर, एकदम वर, आणि मग बॉनेटमधून वाफ.

बाजूला घेतली. रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर मागं उभ्या असलेल्या ट्रकवाल्यानं केबिनमधून एवढ्या जोरात आई काढली की मी हात मागं घेतला. तो खाली उतरला, ओलं पोतं झाकणावर टाकलं, म्हणाला, बस अर्धा तास, तोंड भाजायचं असेल तर आत्ता उघड. थंड झाल्यावर उघडलं तर आत पाणी, नुसतं पाणी, कूलंट नावाला नाही. काकांना नंतर फोन करून विचारलं तर ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "मी उकळून गार केलेलं पाणी घालत असे." कोथरूड ते लक्ष्मी रोड या अंतराला ते पुरतही असणार.

त्या अर्ध्या तासात खंबाटकीवरून वाई डेपोच्या गाड्या जातच होत्या. एक ड्रायव्हर स्पीड कमी करून खिडकीतून ओरडला, "आण्णांचा ना रं तू?" मी हो म्हणायच्या आत गेला. मी सुरूर फाट्यावरून आत वळून घरी पोचलो तेव्हा आईनं दारातच विचारलं, "गाडी तापली म्हणं?"

आण्णा अंगणात उभे होते. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. शाळेत घालताना मास्तरांनी त्या काळच्या पद्धतीनं त्यांची जन्मतारीख १ जून लावली, साल १९४९. एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली १ जून १९४८ ला. म्हणजे आण्णा कागदोपत्री एसटीपेक्षा बरोबर एक वर्षानं लहान, आणि हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. रिटायरमेंटला वर्षही राहिलं नव्हतं. विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात मखमलीवर. आणि इतक्या वर्षांत स्वतःची म्हणून त्यांनी चालवलेली गाडी म्हणजे सायकल.

ते काही न बोलता गाडीभोवती फिरले. चारी टायरना एकेक लाथ. बारा इंची टायर, लाथ मारायला वाकावं लागलं. ऑईलची पट्टी काढून धोतराच्या सोग्याला पुसली, परत बुडवून बघितली. पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं. खाली वाकून गळतंय का बघितलं. मग हात पुढं केला. मला वाटलं चावी. मी चावी दिली. "ही न्हाय. लॉगशीट." मी काकांची वही दिली. आण्णा उंबऱ्यावर बसून ती वही पहिल्या पानापासून वाचायला लागले, आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "माणूस शिस्तीचा हाय." मला आयुष्यात त्यांच्याकडून असं सर्टिफिकेट मिळालेलं नाही. माझ्या "ठीक" या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं, पण बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांची वीकली ऑफ होती. आधी ढोल्या गणपतीला जाऊन पूजा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, घाटावर कृष्णेचं पाणी शिंपडणं. मग आई म्हणाली, मला टेबललँड बघायचाय. वाईत सगळी हयात काढली, नवरा रोज पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर करतोय, पण हिनं टेबललँड बघितला नव्हता, कारण कधी कामच पडलं नाही. आण्णा म्हणाले, मी घेतो गाडी. मी चावी दिली आणि मागं बसलो.

बसताना त्यांचा गुडघा स्टेअरिंगला लागला. मग सीट मागं केली तर पाय पोचेना. एवढं खाली बसायची सवय नाही, म्हणाले, "रस्ता कुठाय, नुसती पुढच्याची डिकी दिसतीय." आईनं घरातून वाकळ आणून चौघडी करून सीटवर टाकली. काकांनी आठ वर्षं जपलेल्या प्लास्टिकवर वाकळ. गाडी चालू झाली. आई पुढं बसली, दार लावलं. मीही दार लावलं. आण्णा हलेनात. इंजिन चालू, हँडब्रेक खाली, रस्ता मोकळा, आणि हे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघतायत. मला वाटलं काहीतरी बिघडलं. आईनं मात्र शांतपणे मांडीवरचा डबा घेतला आणि झाकणावर दोनदा टिचकी मारली. टिंग टिंग. गाडी निघाली.

गिअर टाकताना ते क्लच दाबायचे, न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचे, परत दाबायचे आणि मग पुढचा गिअर. जुन्या गाड्यांना तसं केल्याशिवाय गिअर पडायचा नाही, ते पायात बसलेलं. मी म्हटलं आण्णा, हिला एकदाच दाबला तरी चालतो. म्हणाले, "तिला चालत असंल." गणपती आळीच्या कोपऱ्यावर डावीकडं वळायचं तर त्यांनी आधी गाडी पार उजवीकडं नेली, मागचं ढुंगण भिंतीला घासू नये म्हणून. गाडी सव्वातीन मीटरची. समोरून येणारा स्कूटरवाला घाबरून उतरलाच, मग आण्णांना ओळखून हात वर करून नमस्कार केला. पेट्रोल पंपावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर गाडी तिथंच थांबवली. "उतर." कशाला? "कंडक्टर मागं उभा ऱ्हायल्याशिवाय मी रिवस घेतलेली न्हाय. एकदापण." मी उतरलो. मागं जाऊन डिकीवर थापा मारत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास." पंपावरची पोरं टाळ्या वाजवायची राहिली होती फक्त.

आणि मग पसरणी. तिथं मात्र मी गप्प झालो. काल खंबाटकीत जी गाडी माझ्याकडून वाफ सोडत उभी राहिली तीच गाडी आण्णा वळणाच्या आधी अर्धा श्वास उसंत देऊन, योग्य जागी खालच्या गिअरला घेऊन, हॉर्न देऊन अशी वर नेत होते की टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलला नाही. रात्री त्यांनी स्वतः रेडिएटर धुऊन कूलंट भरलेलं, हेही खरं. पण फक्त तेवढं नव्हतं. आई खिडकीतून धोमचं पाणी बघत होती आणि प्रत्येक वळणाला विचारत होती, "इथं व्हय ती मागची गाडी अडकली होती? इथं व्हय दरड?" तीस वर्षं जेवताना ऐकलेला घाट तिला आता दिसत होता.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं घाट लागल्यावरचं. त्याआधी पायथ्याला, पसरणीच्या स्टॉपला, एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. तिनं आम्हाला हात केलाच नव्हता. आण्णांनी सवयीनं इंडिकेटर देऊन गाडी बरोबर स्टॉपच्या खांबाला लावली. म्हातारीनं वाकून बघितलं. "आगं बया, डायवरदादा. आज लाल गाडी न्हाय व्हय?" आण्णा म्हणाले, "आज हीच हाय. बसा." ती मागं माझ्या शेजारी बसली, दार मी लावलं, आईनं डबा वाजवला.

दांडेघर यायला लागलं तशी तिनं कनवटीची पिशवी सोडली. आधी म्हातारपणाचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं, हाफ तिकीट म्हणून. मग दहाची घडी घातलेली नोट. मी म्हटलं, "आजी, पैसे नकोत, ही आमची घरची गाडी आहे." तिला ते पटलं नाही. फुकट बसायला ती काय भिकारी होती का, असं तिनं आण्णांनाच विचारलं. आण्णा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "घे की. कशाला वाद घालतो पॅसेंजरशी."

मी नोट घेतली. तिनं हात तसाच पुढं ठेवला. वरचे सुट्टे पाहिजे होते. मी सगळे खिसे तपासले, आईची पर्स तपासली, सुट्टे नव्हते.

"आजी," आण्णा पुढून म्हणाले, "उतरताना घ्या."